येनाचा गोतावळा : चिमूरच्या रानातली टर्मिनॅलिया

चिमूर तालुक्यात रानाची सवय असलेला माणूस झाड ओळखताना वर बघत नाही, आधी खोड बघतो. साल काळपट आणि उभ्या-आडव्या भेगांनी तिच्यात चौकटी पडलेल्या असल्या की तो येन. पांढुरकी, गुळगुळीत, मोठाले पापुद्रे सुटणारी साल आणि पायाशी नाला असला की कहू. सरळसोट उंच खोड, खाली करड्या लवेच्या गोल फळांचा सडा असला की बेहडा. साल पातळ, फिकट राखेच्या रंगाची आणि खपल्या पडून उथळ खळगे उमटलेली असली की धावडा. हिरडा या भागात विरळ. त्याची ओळख बहुतेकांना झाडापेक्षा फळावरूनच असते. पुस्तकी मराठीत येन म्हणजे ऐन आणि कहू म्हणजे अर्जुन. ही पाचही झाडे आजच्या वनस्पतिशास्त्रात एकाच प्रजातीत मोडतात, ती प्रजाती म्हणजे टर्मिनॅलिया. चार आधीपासून तिच्यात होती, धावडा २०१७ मध्ये आला.

ताडोबाच्या उत्तरेकडचे हे रान शुष्क पानझडीचे. साग इथला मुख्य वृक्ष, मोहाला घराघरांत मान आणि तेंदूच्या पानाला बाजारात पैसा. त्यामुळे लिहिणाऱ्यांचे लक्ष या तिघांकडे जाते. पण कोलाऱ्याच्या किंवा रामदेगीच्या बाजूने आत शिरले की सागाच्या जोडीला सर्वांत जास्त कोण उभे आहे, हे मोजून पाहण्यासारखे आहे. उतारावर धावडा, सपाटीच्या चिकण मातीत येन, नाल्याच्या काठाने कहू आणि मध्येच एखादा सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेला बेहडा. एकाच प्रजातीच्या जातींनी रानातल्या ओल्या, कोरड्या, खडकाळ आणि सखल जागा अशा वाटून घेतल्या आहेत. दिसायला इतक्या निराळ्या झाडांना एका प्रजातीत बांधते काय, आणि एवढे जवळचे नाते असताना साल, फळ, पानगळ इतकी वेगळी कशी झाली, हे दोन प्रश्न या लेखात पाहायचे आहेत. थोडक्यात सांगायचे तर नाते फुलात आहे आणि भेद फळात व सालीत.

फुलापासूनच सुरुवात करू, कारण ते कोणी पाहत नाही. पळसासारखे ते डोळ्यांत भरत नाही. येनाचा फुलोरा पावसाच्या तोंडावर येतो. मळकट पिवळट रंगाच्या लांब कणसांचे झुपके पानांच्या बगलेत आणि फांदीच्या टोकाशी लागतात. एक फूल सुटे काढून तळहातावर घेतले तर ते ज्वारीच्या दाण्याएवढेही भरत नाही. भिंगातून पाहिले की रचना स्वच्छ दिसते. पाकळ्या मुळीच नाहीत. वाटीसारख्या संवर्ताला पाच त्रिकोणी दाते, वाटीच्या आत दाट लव आणि तिच्यातून बाहेर डोकावणारे दहा पुंकेसर, पाच-पाचच्या दोन वर्तुळांत. मधोमध एकच साधे कुक्षिवृंत. बीजांडकोश वाटीच्या खाली, देठासारखा दिसणारा. त्यात एकच कप्पा आणि कप्प्याच्या छताला लोंबणारी दोन किंवा तीन बीजांडे. त्यांपैकी एकाचेच बी होते. पुष्कळ जातींत कणसाच्या बुडाकडची फुले द्विलिंगी आणि शेंड्याकडची नुसती नर असतात. म्हणून एवढा मोठा फुलोरा येऊनही फळे मोजकीच धरतात. बेहड्याच्या कणसांत हा प्रकार फार ठळक दिसतो.

आता कहूचे फूल घ्या, बेहड्याचे घ्या, हिरड्याचे घ्या. लव कमी-जास्त, कणीस साधे की फाटे फुटलेले, वास मधासारखा की उग्र, एवढाच फरक. बेहड्याचा वास एप्रिलच्या उन्हात इतका जड असतो की झाड दिसण्याआधी नाकाला कळते. पण पाच दाते, दहा पुंकेसर, पाकळ्यांचा अभाव, खालचा बीजांडकोश, छताला टांगलेली बीजांडे हा आराखडा यांपैकी कुठेही मोडत नाही. आफ्रिकेतल्या बहुतेक जातींत तोच, ऑस्ट्रेलियातल्या जातींतही तोच. पाकळ्या नसल्याने किडीमाशीला बोलावण्याचे काम वास आणि वाटीतला मध करतात. कुठल्या एका खास कीटकावर या फुलांचे अडत नाही, मधमाश्या, माश्या, भुंगेरे सगळे येतात. प्रजाती उष्ण कटिबंधात एवढी पसरली, त्यात या साध्या, सगळ्यांना खुल्या फुलाचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

लिनियसने १७६७ मध्ये ही प्रजाती मांडली ती किनाऱ्यावरच्या बदामावरून. खऱ्या बदामाशी त्याचा संबंध नाही. कोकणात आणि शहरांच्या आवारात जो देशी बदाम म्हणून लावतात, ज्याची मोठी पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात, तो टर्मिनॅलिया कटाप्पा. त्याची पाने फांदीच्या टोकाशी दाटीने येतात आणि प्रजातीचे नाव त्यावरूनच पडले. या झाडाच्या फांद्या मजल्यामजल्याने पसरतात. फांदी आडवी वाढते, तिचे टोक वर वळून पानांचा गुच्छ होतो आणि वाढ थांबते. मग त्या वळणाच्या खालून नवा कोंब निघून पुढे सरकतो, त्याचेही टोक वर वळते. असे करत करत छत्रीसारखा मजला तयार होतो. होंडा आणि फिशर या अभ्यासकांनी १९७८ मध्ये याच झाडाच्या फांद्यांमधले कोन मोजून संगणकावर ताडून पाहिले. पानांना जास्तीत जास्त उजेड मिळावा असे जे कोन गणिताने येतात, त्यांच्या अगदी जवळचे कोन झाड प्रत्यक्षात धरते असे त्यांना आढळले. फांद्यांच्या या पद्धतीला जगभर टर्मिनॅलियाची शाखापद्धती म्हणूनच ओळखतात. चिमूरच्या रानात बेहड्याचे कोवळे रोप पाहिले तर ती थोडीफार दिसते, येनात ती लवकर हरवते. दाट रानात उजेडासाठी वर धावणाऱ्या झाडाला एवढे शिस्तशीर मजले परवडत नाहीत.

प्रजाती ज्या कॉम्ब्रेटेसी कुलात येते, त्या कुलाची एक खूण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पानावरची लव एकपेशी, जाड भिंतीची, टोकदार आणि बुडाशी छोटा कप्पा असलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस दिसला की फूल-फळ नसले तरी कुलाची खात्री पटते. दुसरी खूण मात्र कोणालाही पाहता येईल. येनाचे पान उलटे करा. मधल्या शिरेवर, देठाच्या जरा वर, एक किंवा दोन बारीक गाठी उभ्या असतात, आखूड देठावर बसलेल्या. या मधुग्रंथी. कहूत त्या पानाच्या बुडाशी, देठ जिथे पानाला भिडतो तिथे, आणि हिरड्यात देठाच्या वरच्या टोकाला. फुलाफळाविना उभ्या झाडाची जात ठरवताना या गाठींची जागा उपयोगी पडते. कोवळ्या पानांवर मुंग्या का घुटमळतात तेही त्यावरून उमजते.

फळांकडे आले की गोतावळ्यातले भेद सुरू होतात. येनाचे फळ वाळले की बोटभर लांब, मध्ये कठीण दांडा आणि त्याला पाच रुंद, चामड्यासारखे ताठ पंख. उजेडासमोर धरले तर प्रत्येक पंखावर दांड्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेषा दिसतात, जवळजवळ आडव्या. कहूच्या फळालाही पाच पंख, पण ते अरुंद, जाड आणि त्यांवरच्या रेषा वर वळत गेलेल्या. ब्रिटिश काळापासूनच्या जवळपास सगळ्या वनस्पतिसूचींत ऐन आणि अर्जुन यांच्यातला हा फरक सांगितला आहे आणि तो आजही सर्वांत भरवशाचा आहे. बेहड्याला पंख नाहीत. त्याचे फळ गोलसर, करड्या लवेने मढलेले, आत दगडासारखी आठळी. वाळल्यावर अंगावर पाच पुसट कंगोरे उमटतात. हिरड्याचे लांबट, गुळगुळीत, वाळल्यावर पाच धारांचे. हे कंगोरे आणि धारा पाहिल्या की पाच पंखांचे नाते लक्षात येते. कोकणात आणि सह्याद्रीत, चिमूरपासून दूर, किंजळाने तिसरीच वाट धरली आहे. त्याच्या फळाला तीन पंख, एक मोठा आणि दोन खुरटे. झाड फळांनी लगडले की तांबूस गुलाबी दिसते आणि लांबून पाहणारा त्याला फुललेले समजतो.

पंख कशासाठी, हे वैशाखात इथल्या रानात पाहावे. त्या दिवसांत येन निष्पर्ण असतो आणि वाळलेली फळे फांद्यांवर खुळखुळत असतात. वावटळ आली की ती सुटतात, थोडी उडतात आणि जमिनीवर पंखांच्या कडांवर गडगडत जातात. फार लांब जात नाहीत, पण आईच्या सावलीबाहेर पडतात. कहूची फळे नाल्यात पडून पहिल्या पुराबरोबर खाली जातात. म्हणून कहूची रांग नाल्याची रेघ सोडत नाही. बेहड्याचे जड फळ उडणारही नाही आणि फारसे वाहणारही नाही. त्याचा गर चितळ-सांबर खातात आणि रवंथ करताना आठळी भलत्याच जागी टाकून देतात. समुद्रकाठच्या बदामाने सालीखाली बुचासारखा हलका थर बाळगला आणि तो लाटांवर स्वार होऊन बेटाबेटांवर पोचला. वारा, पाणी, जनावर आणि समुद्र अशी चारही वाहने एका प्रजातीने वापरली. फळांच्या आकारावरून जुन्या शास्त्रज्ञांनी प्रजातीचे जे पोटगट पाडले, ते पुढे डगमगले याचे कारण हेच. पंख ही गरजेने येणारी-जाणारी गोष्ट आहे. तिच्यावर वंशावळ उभी राहत नाही.

धावड्याची गोष्ट यातूनच निघते. धावडा अनोगाइसस या वेगळ्या प्रजातीत होता. कारण उघड होते. त्याची फुले लांब कणसांत न येता लहान गोल गेंदांत येतात आणि त्या गेंदातच इवली, दोन पंखांची, चोचीची फळे एकमेकांना दाबून बसतात. हुकर यांच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिसूचीत १८७८ च्या सुमारास क्लार्क यांनी हे कुल लिहिले, तेव्हा अनोगाइसस स्वतंत्र होती आणि पुढे सव्वाशे वर्षांवर तशीच राहिली. पण सुटे फूल काढून पाहिले तर पाच दाते, पाकळ्या नाहीत, दहा पुंकेसर, खाली बीजांडकोश, म्हणजे घरचाच नमुना. २०१७ मध्ये मोरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे दाखवले की अनोगाइसस, दक्षिण अमेरिकेतली बुकेनाव्हिया आणि आफ्रिकेतली टेलिऑप्सिस या तिन्ही प्रजाती टर्मिनॅलियाच्या वंशवृक्षाच्या आतच उगवतात. त्यांना बाहेर ठेवले तर टर्मिनॅलिया ही एका पूर्वजाची पूर्ण संतती उरत नाही. म्हणून सगळ्यांना एकत्र घेतले आणि प्रजातीतल्या जातींची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. धावड्याचे जुने जातिनाम लॅटिफोलिया. पण टर्मिनॅलिया लॅटिफोलिया हे नाव जमैकातल्या एका झाडाला आधीच दिलेले होते. त्यामुळे आपल्या धावड्याचे नाव आता टर्मिनॅलिया अनोगाइसियाना.

या बदलाविषयी वनखात्यातल्या आणि महाविद्यालयांतल्या लोकांची कुरकुर असते की नावे उगाच बदलतात. मला ती पटत नाही. धावड्याला आत घेतल्याने एक खरी गोष्ट कळली. गेंद, चोच, दोन पंख हे सगळे वरवरचे बदल होते आणि फूल त्या सगळ्याखाली आपला आराखडा टिकवून होते. नाव शिकायला दोन दिवस लागतील, पण आता उतारावरचा धावडा आणि सपाटीवरचा येन यांच्याकडे एकाच घरातली भावंडे म्हणून पाहता येते.

सालीचा विचार या रानाच्या आगीशिवाय होत नाही. होळीपासून मृगापर्यंत पाचोळा कोरडा ठणठणीत असतो, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि जमिनीलगतची आग दर वर्षी कुठे ना कुठे फिरून जाते. येनाची जाड, चौकटी-चौकटींची साल अशा आगीत आतल्या जिवंत थराला झळ लागू देत नाही. इंग्रज वनाधिकाऱ्यांना तिच्यात मगरीची पाठ दिसली. वरच्या चौकटी काळ्या पडतात, झाड उभे राहते. कहूला एवढे चिलखत लागत नाही. नाल्याकाठी आग आधीच मंदावते, म्हणून त्याची साल गुळगुळीत आणि पापुद्रे टाकणारी राहू शकली. धावड्याची सालही पातळच. पण त्याने दुसरा मार्ग धरला. खडकाळ, उताराच्या, पाचोळा कमी साठणाऱ्या जागा आणि तोडले-जळले तरी बुडख्यातून फुटण्याची चिवट सवय.

येनाच्या सालीआड आणखी एक गोष्ट असते. काही येनांच्या खोडाला एका बाजूला फुगवटा येतो आणि त्यात पाणी साठलेले असते. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात कोंडा रेड्डी आदिवासींनी सांगितलेल्या खुणेवरून वनकर्मचाऱ्यांनी असा एक फुगवटा छेदला, तेव्हा त्यातून पाण्याची धार उडाली आणि ते चित्रीकरण देशभर फिरले. पापिकोंडा गोदावरीवर आहे. चिमूरच्या टेकड्यांतून निघणारे उमा आणि अंधारीचे पाणी वैनगंगा, प्राणहिता करत शेवटी त्याच गोदावरीला मिळते. कोंडा रेड्डींचे हे ज्ञान पिढ्यानपिढ्यांचे आहे आणि त्यांनी ते जपून वापरले, कारण प्रत्येक येनात पाणी नसते. चित्रफीत पाहून दिसेल त्या येनावर कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. झाडाला मात्र जखम होते आणि त्या जखमेतून वाळवी व बुरशी आत शिरते. फुगवट्याची खूण नेमकी काय, कुठल्या मातीत आणि किती जाडीच्या झाडांत तो येतो, हे आपल्या बाजूच्या रानांतही पद्धतशीर नोंदले जावे. मात्र ही नोंद करवत-कुऱ्हाडीशिवायच व्हायला हवी.

मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ मध्ये लिहिताना रसेल आणि हिरालाल यांनी गोंडांचा बडादेव साजाच्या झाडात वास करतो असे नोंदले आहे. साज म्हणजेच येन. देवाचे झाड म्हणून येन तोडताना हात आखडतो, आणि पूर्व विदर्भात धानाच्या धुऱ्यावर जे जुने येन अजून दिसतात ते काही अंशी त्यामुळेच टिकले असावेत. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. येनाचे लाकूड काळसर तपकिरी, जड आणि टिकाऊ. घराला, बैलगाडीला, शेतीच्या अवजारांना ते लागते, म्हणून धुऱ्यावरचे झाड राखले जाते. त्याच्या सालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक एवढे की सालीची राख पानाला चुन्याऐवजी लावून खाल्ली जात असे.

आणि कोसा, म्हणजे टसर रेशीम. पूर्व विदर्भात या प्रजातीचे सर्वांत मोठे काम हेच आहे असे मी म्हणेन. टसरचा किडा, अँथेरिया मायलिट्टा, मुख्यतः तीन झाडांवर जगतो. ती म्हणजे सालवृक्ष, ऐन आणि अर्जुन. झारखंड-छत्तीसगडच्या सालवृक्षाचे जंगल आपल्याकडे नाही, त्यामुळे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतला सगळा कोसा येन आणि कहू यांच्या पानांवर उभा आहे. या किड्याच्या एका स्थानिक वाणाला भंडारा असेच नाव आहे. आरमोरी, नागभीड भागात ढीवर समाजातली कुटुंबे हे काम करत आली. पावसाळ्यात अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या येनाच्या कोवळ्या पाल्यावर सोडायच्या, पाखरांपासून आणि मुंग्यांपासून राखायच्या, एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट दुसऱ्यावर न्यायच्या. अळी चार वेळा कात टाकते आणि महिना-सव्वा महिन्यात बोटाएवढी हिरवीगार होते. मग ती कोष विणते, पण थेट पानाला चिकटवत नाही. आधी डहाळीभोवती रेशमाचे एक घट्ट कडे घालते, त्या कड्यापासून दोन-तीन बोटे लांबीचा चिवट देठ विणत खाली येते आणि त्याच्या टोकाला कोष टांगते. पान गळाले तरी कोष फांदीला लटकलेला राहतो. पानझडी झाडावर जगणाऱ्या किड्याला हे कडे घालावेच लागते, कारण येनाचे पान गळणारच आहे. झाडाच्या पानगळीचे वेळापत्रक किड्याच्या विणकामात उतरले आहे. कुठल्याही संग्रहालयाने काचेत ठेवावा असा तो नमुना आहे.

टसरसाठी आता कहूची दाट लागवड करतात, कारण तो येनापेक्षा भराभर वाढतो आणि छाटला की पुन्हा फुटतो. लागवड योग्यच आहे, पण रानातल्या येनावरचा भार कमी झाला म्हणून रानातल्या येनाकडे दुर्लक्ष होऊ नये. आधी पाला गेला, मग राखणारे हात गेले, असे होते.

औषधांबद्दल इतके लिहून झाले आहे की मी थोडक्यात आटोपतो. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा; त्यातला आवळा अगदी वेगळ्या कुलाचा. हिरड्याच्या वाळलेल्या फळात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असते आणि कातडे कमावायला ते एके काळी जहाजे भरभरून परदेशी जाई. बी धरण्याआधी गळालेले कोवळे फळ वाळले की तो बाळहिरडा. अर्जुनाची साल हृदयरोगावर आयुर्वेदात मान्य आहे आणि तिच्यातल्या अर्जुनोलिक आम्लासारख्या द्रव्यांवर आजही प्रयोगशाळांत काम चालते. मात्र छातीत दुखते आहे आणि माणूस काढा पीत घरी बसला आहे, हे मला मान्य नाही. झाडाच्या बाजूने एक सांगणे आहे. कहूची साल सगळीकडून गोल सोलली की झाड मरते. एका बाजूची, वरवरची पट्टी घेतली तर जखम भरून येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. साल कशी काढायची याचा नियमही गावानेच ठरवावा आणि पाळावा. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो आणि उद्योगांतही जातो. तिथेही खोल घाव घालून एका हंगामात सगळे ओरबाडण्याची हाव झाडाच्या मुळावर येते.

बेहड्याला मात्र लोकांनी कायम जरा दूर ठेवले, आणि त्याची कथा विदर्भाच्याच वाटेवर घडते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या द्यूतसूक्तात फासे आहेत ते बिभीतकाच्या, म्हणजे बेहड्याच्या फळांचे. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघतो. सारथ्याच्या वेषात नळ आहे. वाटेत एक बेहडा लागतो आणि राजा नजर टाकून त्याच्या पानांची, फळांची संख्या सांगतो. नळ रथ थांबवून ती मोजतो, बरोबर निघते, तो राजाकडून फाशांची आणि मोजणीची विद्या शिकतो आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडून त्या बेहड्यात शिरतो. तेव्हापासून झाड बदनाम. मला या कथेत झाडाची बदनामी फार दिसत नाही, दिसते ती पारख. पानांची आणि फळांची मोजदाद करून झाडाची गोष्ट सांगणारा तो राजा आपल्या वाङ्मयातला फार जुना वनस्पति-निरीक्षक आहे. बेहड्याखाली सहसा कोणी बसत नाही, त्याचा फायदा एवढाच की रानात जुने, थोर बेहडे अजून उभे आहेत आणि चितळांना त्यांची फळे मिळतात.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोकळा प्रश्न येन आणि कहू यांच्या सीमेचा. येनाला वेगवेगळ्या सूचींत टोमेंटोजा, इलिप्टिका, अलाटा, क्रेन्युलाटा अशी नावे दिलेली सापडतात. पानाची लव, सालीचा खडबडीतपणा, पंखांची रुंदी यांवरून कोणी त्याच्या तीन जाती केल्या, कोणी एक मानली. भर म्हणून ऐन आणि अर्जुन यांचा संकर होतो, आणि टसरच्या पट्ट्यात दोघांच्या मधली झाडे नोंदली गेली आहेत. साल कहूसारखी फिकट पण भेगाळलेली, फळ येनाएवढे रुंद पण रेषा वर वळलेल्या, अशी झाडे नाल्याची ओल आणि सपाटीची चिकण माती जिथे भिडते तिथे शोधावीत. चिमूर तालुक्यात अशा जागा गावोगाव आहेत. त्यात ब्रिटिश काळातल्या कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत हा भाग नव्हताच, तेव्हा तो मध्य प्रांतात होता. त्यामुळे सह्याद्रीतल्या नमुन्यांवरून लिहिलेली येनाची वर्णने इकडे जशीच्या तशी लागू करण्याची सवय आधी सोडायला हवी.

अभ्यासाबरोबर लागवडीचाही प्रश्न आहे. शहरांचे रस्ते सजवायला सध्या मादागास्करची टर्मिनॅलिया मंटाली सर्रास लावली जाते, मजल्यांच्या फांद्या छान दिसतात म्हणून. इथल्या रोपवाटिकांत येन आणि धावड्याची रोपे त्या मानाने फार कमी दिसतात. धावड्याची अडचण खरी आहे. त्याच्या फळांत बी पोकळ निघण्याचे प्रमाण एवढे असते की पसाभर पेरून चार रोपे उगवणेही कठीण. रोपवाटिकेने एकाच वर्षीच्या बियांवर अवलंबून राहू नये. फळे भरदार आलेले वर्ष ओळखून त्या वर्षी भरपूर गोळा करावीत. येनाला तसली अडचण नाही, त्याला फक्त कोणीतरी लावावे लागते.

गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणारी मुले याच गावांतून येतात. येन आणि कहू यांच्या मधल्या झाडांची नोंद त्यांच्या हातून झाली तर ती बाहेरच्या कोणाहीपेक्षा चांगली होईल, कारण ते झाड त्यांच्या घराच्या वाटेवर आहे. त्यात एकच पथ्य आहे. येनाचा फुलोरा जूनच्या आसपास आणि पिकलेले फळ फेब्रुवारी ते एप्रिल, आणि फळ पिकते तेव्हा पान गळालेले असते. एका फेरीत गोळा केलेल्या नमुन्यात फूल आले तर पिकलेले फळ नसते आणि फळ आले तर पान नसते. नावांचा पुष्कळसा गोंधळ अशा अर्ध्या नमुन्यांतून झाला आहे. म्हणून झाडाला खूण करायची, जागा लिहून ठेवायची, पावसाच्या तोंडावर फूल आणि पान घ्यायचे, मग उन्हाळ्यात त्याच झाडाखाली जाऊन फळ उचलायचे, सालीचे छायाचित्र घ्यायचे आणि सगळे एकाच क्रमांकाखाली ठेवायचे.